सात जांभळे बटाटे

गेल्या जूनमध्ये सुट्टी संपायला आठ दिवस उरले असताना माझ्या हाती सात जांभळे बटाटे आले.

आमचे घर पुणे जिल्ह्यात, आंबेगाव तालुक्यातल्या सातगाव पठारावर आहे. पठारावर पावसाच्या पाण्यावर बटाटा पिकतो. जून उजाडला की मंचरच्या बाजारात पंजाबहून आलेल्या बेण्याच्या पिशव्यांच्या थप्प्या लागतात. काकांनी यंदा पुखराजचे बेणे आणले होते. पिशव्या पडवीत मोकळ्या करून सडके-कुजके बाजूला काढण्याचे काम सुट्टीवर आलेल्या नातवाकडे येते, तसे ते माझ्याकडे आले. तिसऱ्या पिशवीत हे सात निघाले. साल वांग्यासारखी जांभळी. मला वाटले सडलेत. एक कापून पाहिला, तर आत घट्ट, पिवळसर आणि अगदी निरोगी गर.

आजोबांनी तो हातात घेऊन उलटसुलट केला. म्हणाले, "दिसायला बरा आहे. पण हा खाऊन माणसाला जास्तीचं काय मिळणार? आणि विकून मला काय मिळणार?" एवढे विचारून ते गोठ्याकडे निघून गेले. कापलेला धरून पाच बटाटे मी बांधाकडच्या सरीत लावले आणि दोन ट्रंकेत घालून बेंगळुरूला आणले. ट्रंक तपासताना हाउसमास्टर सरांनी ते पाहिले आणि काही न बोलता परत ठेवले, त्याबद्दल त्यांचे आभार.

या लेखात मी आजोबांच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर शोधले आहे. दुसऱ्या प्रश्नाकडे शेवटी वळतो.

आधी त्या बटाट्याची ओळख. जांभळी साल, फिकट पिवळा गर, गोलसर आकार, खोल नसलेले डोळे. जीवशास्त्राच्या सरांनी आणि मी मिळून वर्णने ताडून पाहिली. तो 'कुफरी नीलकंठ' असावा. शिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेचा हा वाण. ही संस्था १९४९ साली पाटण्याला सुरू झाली आणि १९५६ साली शिमल्याला हलली. तिच्या वाणांची नावे 'कुफरी'ने सुरू होतात: कुफरी ज्योती, कुफरी चंद्रमुखी, कुफरी सिंदुरी, कुफरी पुखराज. आमच्या पठारावर पुढचा शब्द गळून नुसते 'ज्योती' आणि 'पुखराज' उरले आहे, त्यामुळे लहानपणी मला ती मुलींची आणि रत्नांची नावे वाटायची.

कुफरी हे शिमल्याजवळचे एक ठिकाण आहे आणि त्याचे नाव वाणांना मिळण्यामागे कारण आहे. मैदानात बटाटा हिवाळ्यात लावतात. तेव्हा दिवस लहान असतो, आणि लहान दिवसांत बटाट्याच्या झाडाला फूल क्वचितच येते. फूल नाही तर संकर नाही. कुफरीला उन्हाळ्यात थंड हवा आणि मोठा दिवस दोन्ही मिळतात. झाड फुलते, परागकण तयार होतात, फळ धरते. म्हणून देशभरातल्या मैदानांत जाणाऱ्या बटाट्यांची लग्ने डोंगरावर लागतात.

हो, बटाट्याला फळ येते. हिरव्या, लहान टोमॅटोसारखे. टोमॅटो, वांगे, मिरची आणि बटाटा हे एकाच कुळातले भाऊ आहेत. पण हे फळ विषारी आहे, कुणी चाखून पाहू नये. एका फळात शंभराहून जास्त बारीक बिया असू शकतात, आणि त्यांतली प्रत्येक बी म्हणजे नवे, वेगळे झाड. आपण शेतात बटाट्याचा तुकडा लावतो तेव्हा आईची हुबेहूब प्रत मिळते. पुखराजचा पुखराजच होतो. बी पेरली तर काय निघेल ते सांगता येत नाही. अमेरिकेत ल्यूथर बरबँक नावाच्या तरुणाला १८७० नंतरच्या वर्षांत आईच्या बागेत बटाट्याचे एकच फळ सापडले. त्यात २३ बिया होत्या. त्याने सगळ्या लावल्या, २३ झाडे वाढली, त्यांतले एक सरस ठरले. तो बटाटा १५० डॉलरला विकून तो कॅलिफोर्नियाला गेला. आज फ्रेंच फ्राइजसाठी प्रसिद्ध असलेला रसेट बरबँक त्याच बटाट्यापासून पुढे निघाला.

आता रंग. बटाट्यातले रंग दोन घराण्यांचे असतात. लाल, निळा, जांभळा हे अँथोसायनिन या द्रव्याचे रंग. जांभूळ, काळी द्राक्षे, वांग्याची साल, कोकम यांतही तेच असते. पिवळा आणि नारिंगी हे कॅरोटिनॉइड घराण्याचे. गाजर, पपई, झेंडू त्यांच्याकडचे. पहिले घराणे पाण्यात विरघळते, दुसरे तेला-तुपात. नीलकंठच्या सालीत पहिले आहे आणि गरात दुसरे. म्हणजे एकाच बटाट्यात दोन्ही घराणी नांदतात. साल आणि गर यांच्या रंगाचे हुकूम वेगवेगळे सुटतात, म्हणून जांभळ्या सालीच्या आत पिवळा गर असू शकतो आणि लाल सालीच्या आत पांढरा.

अँथोसायनिन पाण्यात विरघळते हे ऐकल्यावर रसायनशास्त्राच्या सरांनी ट्रंकेतल्या दोनपैकी एक बटाटा प्रयोगासाठी मागून घेतला. आम्ही त्याची साल काढली, थोड्या पाण्यात पाच मिनिटे उकळली आणि पाणी तीन परीक्षानळ्यांत ओतले. एकीत लिंबाचे चार थेंब टाकले, पाणी गुलाबी झाले. दुसरीत मेसमधून आणलेला खाण्याचा सोडा टाकला, पाणी निळसर आणि मग हिरवट झाले. तिसरी जांभळट तशीच राहिली. म्हणजे लिटमस नसला तर जांभळ्या बटाट्याची साल चालेल. हाच प्रयोग स्वयंपाकघराला एक इशाराही देतो. साल काढून, तुकडे करून, भरपूर पाण्यात उकळून ते पाणी फेकले, तर रंगही मोरीत जातो आणि त्यासोबत क जीवनसत्त्वही, कारण तेही पाण्यात विरघळणारे आहे. बटाटा सालीसकट, अख्खा उकडावा.

आणि एक रंग असा आहे की तो दिसला की सावध व्हायचे: हिरवा. उजेडात पडून राहिलेला बटाटा हिरवा होतो. तो हिरवेपणा पानातल्या हरितद्रव्याचा असतो आणि स्वतः निरुपद्रवी आहे, पण त्याच उजेडाने सोलॅनिन हे कडू विषही वाढते. आजी हिरवा भाग खोलवर कापून टाकते, फार हिरवा असेल तर अख्खा बटाटा टाकून देते. तिला सोलॅनिन हा शब्द माहीत नाही. पण ती बरोबर करते.

आता गणिताकडे वळतो. मला सगळ्यांत जास्त मजा इथे आली, म्हणून जरा थांबून सांगतो. दहावीच्या वर्गात आपण मेंडेलचे वाटाणे शिकतो. वाटाण्यात प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक बापाकडून. दोन्ही पालकांकडे एक चालू आणि एक बंद प्रत असेल, तर दोन्ही बंद मिळण्याची शक्यता ४ मध्ये १. मेंडेलचे ३:१ ते हेच. आपण खात असलेला बटाटा मात्र चार संचांचा आहे. त्याच्या पेशीत ४८ गुणसूत्रे असतात, म्हणजे १२ चे चार संच. प्रत्येक जनुकाच्या प्रती चार.

नारिंगी गराचे उदाहरण घ्या. गर पिवळा होण्यासाठी एका जनुकाची एक योग्य प्रत पुरते. पण नारिंगी व्हायचा असेल तर त्यासोबत आणखी एक गोष्ट लागते. झिआझँथिन नावाचे नारिंगी-पिवळे द्रव्य पेशीत तयार होते आणि एक विकर त्याचे लगेच पुढच्या फिकट द्रव्यात रूपांतर करून टाकते. ते विकर बंद पडले तरच झिआझँथिन साठते. आणि ते बंद पडायला चारही प्रती बंद हव्यात. एक जरी चालू राहिली तरी काम होऊन जाते आणि रंग निघून जातो.

समजा एका पालकाकडे दोन चालू आणि दोन बंद प्रती आहेत. परागकणात चारपैकी दोनच जातात. चारांतून दोन निवडण्याच्या रीती किती? वहीत मांडा: पहिली चालू-दुसरी चालू, पहिली चालू-पहिली बंद, पहिली चालू-दुसरी बंद, दुसरी चालू-पहिली बंद, दुसरी चालू-दुसरी बंद, पहिली बंद-दुसरी बंद. एकूण सहा. त्यांत दोन्ही बंद असलेली एकच. म्हणजे ६ मध्ये १. दुसरा पालकही तसाच असेल तर त्याच्याकडूनही ६ मध्ये १. दोन्ही एकत्र येण्याची शक्यता ३६ मध्ये १. वाटाण्यात चार रोपांत एक मिळाले असते, बटाट्यात छत्तीसांत एक. आता त्याच रोपाची साल जांभळी हवी म्हणा, आणि समजा ती निम्म्या रोपांनाच मिळते. झाले ७२ मध्ये १. करप्याला दाद न देणारे निम्मेच निघतात असे धरा. १४४ मध्ये १. आणि अजून उत्पन्न, आकार, चव, टिकाऊपणा यांचे नावही घेतलेले नाही. ते गुण एका जनुकावर नसतात, अनेक जनुकांची मिळून टोळी असते, तिथे असे साधे गुणाकार चालत नाहीत.

म्हणून पैदासकार हजारो रोपांनी सुरुवात करतात. पहिल्या वर्षी बियांची रोपे, प्रत्येकाचे चार-दोन लहान बटाटे. बहुतेक तिथेच बाद: वेडेवाकडे, तडकलेले, खोल डोळ्यांचे. उरलेल्यांची दुसऱ्या वर्षी एक-एक ओळ. मग मोठे वाफे, मग वेगवेगळ्या राज्यांतल्या केंद्रांवर चाचण्या. अखिल भारतीय समन्वित बटाटा प्रकल्पाची अशी केंद्रे आहेत. आपल्या जवळचे हासनला, आणि माझ्या घराजवळचे पुण्याला. दहाएक वर्षे गेली की एखाद्याला नाव मिळते. आपल्याकडे एसएसबीच्या पहिल्याच दिवशी किती जण परतीच्या गाडीत बसतात ते मोठ्या कॅडेट्सकडून आपण ऐकतो. बटाट्याची निवड त्याहून कडक दिसते. फरक एवढाच की बाद बटाट्याला दुसरी संधी मिळत नाही.

रंगीत बटाटे मुळात नवे नाहीत, हेही सांगायला हवे. बटाट्याचे माहेर दक्षिण अमेरिकेतला अँडीज पर्वत, पेरू आणि बोलिव्हियाचा भाग. तिथे लोक हजारो वर्षे जांभळे, लाल, काळसर, आत चक्राकार ठिपके असलेले बटाटे खात आले आहेत. पेरूची राजधानी लिमा इथे १९७१ साली स्थापन झालेले आंतरराष्ट्रीय बटाटा केंद्र आहे, तिथल्या जनुकपेढीत हजारो देशी बटाटे जपून ठेवले आहेत. युरोपात त्यांतले मोजके गेले, तिथून पोर्तुगिजांबरोबर आपल्याकडे आले. 'बटाटा' हा आपला शब्दही पोर्तुगीज आहे. (उत्तरेत आलू, इथे बेंगळुरूत आलूगड्डे, आणि आपण मराठी, गुजराती, कोकणी मंडळी बटाटा.) आणि हा परदेशी पाहुणा आज आपल्या एकादशीला चालतो. आजीला मी हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "मग मिरची पण परदेशीच की." बरोबर आहे, तीही.

मग अँडीजमधले रंगीत बटाटे तसेच का लावू नयेत? कारण त्यांतल्या अनेकांना लहान दिवसांची सवय आहे, करप्यापुढे टिकत नाहीत, आणि काहींना सुप्तावस्थाच नसते. काढल्याबरोबर कोंब फुटायला लागतात. आमच्याकडे भाव पडला की शेतकरी बटाटा आरणीत घालून ठेवतात, पाल्याखाली झाकून महिना-दोन महिने वाट पाहतात. असा उतावळा बटाटा आरणीत घातला तर विकायला बटाटे निघणार नाहीत, कोंबांचे जंगल निघेल. म्हणून त्यांचा रंग घ्यायचा आणि बाकीचे स्वभाव सोडायचे, यासाठी संकर.

त्यातही धोका असतो. अमेरिकेत १९६७ साली 'लेनापे' नावाचा बटाटा आला. चिप्ससाठी उत्तम, तळल्यावर सोनेरी. पण त्यात सोलॅनिनसारखी विषारी द्रव्ये नेहमीपेक्षा बरीच जास्त असल्याचे लक्षात आले आणि १९७० साली तो मागे घ्यावा लागला. पैदासकारांनी चांगला गुण शोधताना रानटी नातेवाइकाची मदत घेतली होती, त्याच्यासोबत कडूपणाही आला. एक गुण वाढवताना बाकीच्यांवर डोळा ठेवावा लागतो, म्हणून ती दहा वर्षे वाया जात नाहीत.

आता आजोबांचा पहिला प्रश्न. खाऊन जास्तीचे काय मिळणार?

साधा पांढरा बटाटा गरीब नाही. १०० ग्रॅम कच्च्या बटाट्यात सुमारे ७७ कॅलरी, २ ग्रॅम प्रथिन, २० मिलिग्रॅमच्या आसपास क जीवनसत्त्व आणि ४०० मिलिग्रॅमहून जास्त पोटॅशियम असते. त्यावर नीलकंठ काय घालतो? संस्थेच्या माहितीनुसार त्यात १०० ग्रॅममागे अँथोसायनिन १०० मायक्रोग्रॅमहून थोडे जास्त असते. हा आकडा वाचून मी खूश झालो होतो. मग एकक पाहिले. मायक्रोग्रॅम! म्हणजे एका मिलिग्रॅमचा दहावा भाग. रंग सालीत, आणि साल केवढीशी. त्यानंतर त्याच संस्थेने 'कुफरी जामुनिया' काढला आहे, त्याचा गरसुद्धा गडद जांभळा. त्यात १०० ग्रॅममागे अँथोसायनिन ३२ मिलिग्रॅम आणि क जीवनसत्त्व ५२ मिलिग्रॅम दिलेले आहे. ३२ मिलिग्रॅम म्हणजे ३२,००० मायक्रोग्रॅम. नीलकंठच्या जवळजवळ ३२० पट. दोन्ही 'जांभळे बटाटे', दोन्ही बातम्यांत 'पौष्टिक', पण एकक न पाहता वाचले तर दोघे सारखेच वाटतात. भौतिकशास्त्राच्या पेपरात एकक न लिहिल्यास अर्धा गुण जातो, त्याचा राग मला आता कमी येतो.

बरे, अँथोसायनिन पोटात गेल्याने होते काय? ते जीवनसत्त्व नाही. ते मिळाले नाही म्हणून कुणी आजारी पडत नाही, म्हणून त्याची रोजची गरज ठरवलेली नाही. खाल्लेल्यातले बरेचसे तसेच शोषले जात नाही. २०१२ साली अमेरिकेत एक चाचणी प्रसिद्ध झाली. वजन जास्त आणि बहुतेकांचा रक्तदाब वाढलेला अशा १८ जणांना चार आठवडे रोज दोनदा सहा ते आठ लहान जांभळे बटाटे सालीसकट दिले. खालचा रक्तदाब सरासरी ४.३ टक्के उतरला आणि वजन वाढले नाही. आशादायक आहे. पण माणसे १८, आपल्या एका वर्गापेक्षा कमी. एवढ्यावर कुणी 'जांभळा बटाटा खा, रक्तदाब घालवा' म्हणत असेल तर मी त्याच्याकडून बटाटा घेईन, सल्ला घेणार नाही.

क जीवनसत्त्वाचा हिशेब मला जास्त पक्का वाटतो. प्रौढ पुरुषाला रोज ८० मिलिग्रॅम लागते असे राष्ट्रीय पोषण संस्थेची २०२० ची शिफारस सांगते. जामुनियाचे २०० ग्रॅम घेतले तर कच्चे १०४ मिलिग्रॅम. शिजवताना अर्धे गेले असे धरले तरी ५२ उरतात. साध्या बटाट्यात याच हिशेबाने २० उरतील. आणि क जीवनसत्त्व पालेभाजी-डाळीतले लोह शोषायला मदत करते. हा मुद्दा आपल्या वयाचा आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते १९ वयाच्या मुलांत ३१.१ टक्के आणि मुलींत ५९.१ टक्के रक्तक्षयी आढळले. मैदानावर पाचव्या फेरीला ज्यांना धाप लागते त्या सगळ्यांचा दोष आळसाचा नसतो.

पण इथेही गाठ आहे. चहातली काही द्रव्ये जशी लोहाला धरून ठेवतात आणि शोषू देत नाहीत, तशी पॉलिफिनॉल घराण्यातली इतर द्रव्येही करू शकतात, आणि जांभळा रंग त्याच घराण्यातला. म्हणजे एकाच बटाट्यातला एक पाहुणा लोहाला हात देतो आणि दुसरा पाय ओढतो. म्हणून लिमाच्या केंद्रात मुळातच लोह आणि जस्त जास्त असलेले बटाटे निवडण्याचे वेगळे काम चालते. आणि पिवळ्या गराबद्दलही गैरसमज नको. पिवळ्या बटाट्यातली कॅरोटिनॉइड द्रव्ये, विशेषतः ल्युटिन आणि झिआझँथिन, डोळ्याच्या पडद्यात असतात खरी, पण त्यांचे अ जीवनसत्त्व होत नाही. त्यासाठी गाजरातले बीटा-कॅरोटिन लागते, ते बटाट्यात नगण्य. अ जीवनसत्त्व हवे असेल तर नारिंगी गराचे रताळे बरे.

रंगाशिवायही वाट आहे. दिल्लीत आशिष दत्ता या शास्त्रज्ञांच्या गटाने राजगिऱ्यातले प्रथिनाचे एक जनुक बटाट्यात घातले. त्याचा पहिला शोधनिबंध २००० साली आला. २०१० च्या निबंधात प्रथिन ६० टक्क्यांपर्यंत वाढल्याची नोंद आहे. राजगिरा आणि बटाटा, दोन्ही उपवासाचे, एकाच कंदात! तो बटाटा शेतकऱ्यांच्या हाती आलेला नाही. रंगीत बटाट्यांचे तसे नाही, ते साध्या परागीकरणाने झाले आहेत, त्यामुळे त्यांना जनुकबदलाच्या परवान्यांची वाट पाहावी लागली नाही.

सैनिकी शाळेच्या अंकात लिहितोय म्हणून एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. फ्रेंच सैन्यातला औषधनिर्माता पार्मेंतिए सप्तवार्षिक युद्धात प्रशियाच्या कैदेत पडला. कैद्यांना बटाटा देत. फ्रान्समध्ये तेव्हा बटाटा डुकरांचे अन्न समजला जाई. तो जिवंत आणि ठणठणीत परतला आणि आयुष्यभर बटाट्याचा प्रचार केला. म्हणतात की त्याने पॅरिसजवळच्या बटाट्याच्या शेतावर दिवसा शिपायांचा पहारा ठेवला आणि रात्री उठवला. एवढा पहारा आहे म्हणजे काहीतरी मोलाचे असणार, म्हणून लोकांनी बटाटे चोरून नेले आणि लावले. आपल्याकडेही सैन्य आणि भाजीचे नाते आहेच. लेहला संरक्षण संशोधन संस्थेची प्रयोगशाळा उंचावर भाज्या पिकवण्याचे काम करते, आणि आपल्या शेजारी म्हैसूरला १९६१ पासून संरक्षण अन्न संशोधन प्रयोगशाळा आहे. जिथे ताजी भाजी पोचायला वेळ लागतो तिथे बटाटा पोचतो. मग त्याच पोत्यात थोडे जास्त क जीवनसत्त्व गेले तर वजन वाढत नाही. हे माझे मत आहे, कुणी मागितलेले नाही.

आता दुसरा प्रश्न, विकून काय मिळणार. मेसच्या भय्यांना मी ट्रंकेतला उरलेला बटाटा दाखवला. ते म्हणाले की हळद घातली की भाजीचा रंग मळकट होईल, पोरे ताटात सोडतील. त्यांचे बरोबर असेल. पांढऱ्या बटाट्याची सवय झालेल्या गिऱ्हाइकाला सडका आणि जांभळा यांत फरक वाटत नाही. मलाही पहिल्या दिवशी वाटला नव्हता. शिवाय नीलकंठ उत्तर भारताच्या मैदानांसाठी, हिवाळी पिकासाठी काढलेला. आमचे पीक पावसाळ्यातले, ढगाळ हवेतले, करप्याच्या तोंडचे. आणि पठारावरचे बेणे वर्षानुवर्षे घरचेच ठेवता येत नाही. मावा ही कीड विषाणू पसरवते आणि दोन-तीन पिढ्यांत बेणे खराब होते. पंजाबात हिवाळ्याच्या सुरुवातीला मावा कमी असतो, त्या काळात निरोगी बेणे वाढवायची पद्धत डॉ. पुष्करनाथ यांच्या काळात संस्थेने बसवली, म्हणून बेणे तिथून येते. जांभळे बेणे हवे असेल तर ते मंचरला कुणीतरी आणले पाहिजे, आणि मागणी नसेल तर आणणार कोण?

हे सगळे मी सप्टेंबरच्या शेवटी रविवारच्या फोनवर आजोबांना सांगायचे ठरवले होते. सहा मिनिटे मिळतात. त्यांनी मला मध्येच थांबवले. बांधाकडची सरी काढली होती. पाच लावले होते त्यांतला कापलेला कुजला, चार झाडांना मिळून एकतीस बटाटे निघाले, त्यांतले सहा सुपारीएवढे. शेजारच्या पुखराजला त्याहून जास्त लागले होते. आजीने आठ उकडून खिचडीबरोबर केले, शेजारच्या काकूंनी दोन मागून नेले.

"आणि बाकीचे?" मी विचारले.

"ठेवलेत वेगळ्या टोपलीत, बेण्याला."

मी मावा, विषाणू, घरचे बेणे हे सगळे पुन्हा सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "एक वर्ष तर बघू. तू दिवाळीला येशील तेव्हा तुझं ते छत्तीसचं गणित वहीत लिहून आण. इथं बसून समजावून सांग."

वही तयार आहे. प्रयोगाच्या तीन नळ्यांची चित्रे पण काढली आहेत, रंगीत.